नमुना क्रमांक एकतीस

शिंप्याच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळत नव्हतं. दोन्ही बोटं पूर्ण ताठही नव्हती. मधल्या सांध्याशी अंदाजे वीस अंशांनी वाकून तिथंच थांबलेली होती. कात्री डाव्या हातात होती. पण ती उजव्या हातासाठी घडवलेली, त्यामुळे दर चार-पाच इंचांनी कापड दोन पात्यांमध्ये दुमडून अडकत होतं, आणि प्रत्येक वेळी तो थांबून उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी ते ओढून सरळ करत होता. त्रिवेणीनं मनातल्या मनात मोजलं. एका बाहीला सहा थांबे. मग तिच्या लक्षात आलं की आपण फार वेळ त्या हाताकडे बघतो आहोत, आणि हाताचा मालक आपल्याकडे.

"पैले से लेफ्टी हैं क्या?" तिनं विचारलं.

"नै अम्मा. दो साल हुए."

"क्या हुआ था?"

"गिर गया था, सीढी पे से." त्यानं कात्री खाली ठेवली. "सँपल का ब्लाउज लाए क्या? नै तो माप लेने को बहन को बुलाना पडता."

तिनं पिशवीतून नमुन्याचा ब्लाउज काढून दिला. तो त्यानं उलटा करून शिवण पाहिली, काखेजवळचा एक टाका नखानं उसवला आणि हसला. "ये किसने सिया? बरकतपुऱ्यावाले ने? शुक्रवार को देतूं." त्रिवेणी हो म्हणाली. तिला घाम आला होता. हैदराबादच्या अंबरपेठेतल्या त्या आठ फुटी दुकानात पंखा नीट चालू होता.

जिन्यावरून पडलो. हे वाक्य तिनं ऐकलं नव्हतं, वाचलं होतं, आणि तेही इतक्या वेळा की पानावरची त्याची जागा तिला पाठ होती: पोलीस ठाण्याच्या दैनंदिन नोंदवहीत, डावीकडच्या पानावर, खालून चौथी ओळ. 'चौकशीसाठी आणलेला इसम जिन्यावरून उतरताना तोल जाऊन पडला, उजव्या हाताला किरकोळ दुखापत.' ते ठाणं बैठं होतं. त्याला जिनाच नव्हता. दाराशी तीन पायऱ्या होत्या, आणि त्या तीन पायऱ्यांची उंचीही तिच्या अहवालात होती. बासष्ट प्रकरणांपैकी सतरांमध्ये माणसं जिन्यावरून पडली होती आणि त्या सतरांपैकी तेरा ठाणी बैठी होती. हा तक्ता क्रमांक तीन. लोकांना तो फार आवडायचा, सादरीकरणात हमखास हशा यायचा. आणि आता ज्याची बोटं मोडली होती तोच माणूस, कोणीही जबरदस्ती केली नसताना, ब्लाउज शिवायला आलेल्या अनोळखी बाईला तेच सांगत होता. बहुधा सगळ्याच गिऱ्हाइकांना सांगत असेल. खरं सांगायला लागलं की पुढचे प्रश्न येतात, जिना म्हटलं की प्रश्न संपतात. खोटं आधी नोंदवहीत होतं, आता ते त्याच्या तोंडात राहायला आलं होतं. मधल्या दोन वर्षांत त्याला दुसरं काही सांगायला जागा मिळाली असती तर आलं नसतं. ती जागा कोणी बंद केली, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं आणि ते माणूस नमुन्याचा ब्लाउज घेऊन त्याच्या दुकानात स्टुलावर बसलं होतं.

रिक्षात बसल्यावर तिनं स्वतःला विचारलं, की आपण इथं का आलो. बरकतपुऱ्यात घराखाली शिंपी आहे, काचीगुड्याच्या वाटेवर आणखी दोन. घराखालच्या शिंप्याच्या बाह्या बिघडतात हे खरं होतं, पण त्या सहा वर्षं बिघडत होत्या. अर्जावरचा पत्ता तिला पाठ होता. यादगिरी, वय तेहतीस, धंदा शिलाई, मशिदीमागची गल्ली, टाकीजवळ. मनुष्य म्हणून तिनं त्याला आजवर पाहिलं नव्हतं. क्ष-किरण चित्र पाहिलं होतं, चौथ्या आणि पाचव्या बोटाच्या हाडांचा भंग, आणि त्या काळ्या काचेसारख्या फिल्मवरून ती त्या हाताला चांगली ओळखत होती. तिच्या कागदांत त्याचं नाव एकतीस होतं.

ज्या मंडळात ती काम करायची ते पोलिसांच्या कामावर नागरिकांच्या वतीनं नजर ठेवण्यासाठी होतं. त्याच्या दोन शाखा. तळमजल्यावरची तक्रार शाखा एकेका माणसाची तक्रार घ्यायची आणि एकेका शिपायाला, फौजदाराला नोटीस काढायची. वरची अभ्यास शाखा त्रिवेणीची. तिथं एकट्या माणसाचं काही नव्हतं. एकेचाळीस ठाण्यांतल्या नोंदवह्या, कॅमेऱ्यांचे तास, दवाखान्याचे कागद एकत्र करून चूक एका हवालदाराची आहे की सगळ्या यंत्रणेची सवय आहे, हे तिथं शोधायचं आणि नियम बदलायची शिफारस करायची. तिला हे काम शोभायचं. रसायनशास्त्रात एम.एस्सी., मग अकरा वर्षं प्रयोगशाळा. आवाज चढवण्याची सवय नाही, आणि तीन दशांश स्थळांच्या अलीकडे समाधान नाही. पहिल्या अभ्यासात तिनं एक धडा घेतला होता. अभ्यास चालू असताना तळमजल्यानं त्याच ठाण्यांना नोटिसा काढल्या आणि एका आठवड्यात सगळीकडचे कॅमेरे धडधाकट झाले, नोंदवह्या सुवाच्य झाल्या. सहा महिन्यांचं काम पाण्यात. म्हणून दुसऱ्या अभ्यासाआधी तिनं स्वतः नियम लिहिला: नमुन्यात घेतलेल्या प्रकरणांत अभ्यास पूर्ण होईपर्यंत वेगळी कारवाई सुरू करू नये. मंडळानं तो एकमतानं मंजूर केला होता. प्रयोगशाळेत ती विद्यार्थ्यांना सांगायची, एका नळीत काहीही घालायचं नाही, तिला हातही लावायचा नाही. ती तशीच राहिली तरच बाकीच्या नळ्यांमधला फरक कळतो. नळीला कधी आई असेल, असं तिथं कुणी शिकवलं नव्हतं.

नमुन्यातली एकसष्ट प्रकरणं जुनी होती, निकाल लागलेली किंवा बंद झालेली. एकच जिवंत होतं. यादगिरीची आई नरसम्मा जिना चुकून वर आली होती. तक्रार शाखा खाली, तिथं दुपारच्या जेवणाची सुट्टी, म्हणून ती पहिला उघडा दरवाजा बघून आत शिरली. काठ नसलेली निळी साडी, हातात अर्ज आणि दवाखान्याचं पाकीट. घटनेला एकोणीस दिवस झाले होते. पाकिटात तिसऱ्या दिवशीचं क्ष-किरण चित्र, डॉक्टरची सही, वेळ, सगळं. इतकी स्वच्छ कागदपत्रं त्रिवेणीनं वर्षभरात पाहिली नव्हती. तिला आनंद झाला होता. आता ते आठवलं की तिला सगळ्यात जास्त लाज त्या आनंदाचीच वाटते. चांगला स्फटिक तयार झाला की जसं वाटायचं तसं वाटलं होतं.

"नीचे देना है क्या, अम्मा?" नरसम्मानं विचारलं होतं. वयानं मोठी असून ती त्रिवेणीला अम्मा म्हणायची.

"नको. माझ्याकडे राहू दे," असं त्रिवेणी आपल्या हिंदीत म्हणाली होती.

"रसीद?"

"रसीद नीचेवाले देते. इसकी जरूरत नै. मेरे पास है ना."

हे तिनं अगदी प्रामाणिकपणे म्हटलं होतं. अभ्यास आठ महिन्यांचा ठरला होता आणि तक्रार नोंदवायची मुदत घटनेपासून एक वर्ष. आठ महिने संपले की अर्ज खाली पाठवायचा, चार महिने हातात. साधी वजाबाकी. पण ठाण्यांकडून चित्रण वेळेवर आलं नाही आणि आठाचे चोवीस झाले. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी नरसम्मा यायची, बाकावर बसायची, डब्यातलं काहीतरी पहारेकऱ्याला द्यायची, आणि त्रिवेणी दिसली की उभी राहायची. "काम चलरा ना अम्मा?" काम चालू आहे, असं त्रिवेणी सांगायची, आणि ते खरं होतं. एकदा म्हातारी पहारेकऱ्याला अभिमानानं सांगताना तिनं ऐकलं होतं, "मॅडम मेरे बेटे के ऊपर पढाई कररे. बडा काम है. टाइम लगता." गल्लीतही ती तसंच सांगत असणार.

अकराव्या महिन्यात त्रिवेणीनं अर्ज खाली पाठवण्यासाठी टिपण लिहिलं होतं. तीन ओळींचं. त्याच आठवड्यात त्या ठाण्याकडून फोन आला की चित्रण काढून ठेवलंय, पंधरा दिवसांत देतो. नोटीस गेली असती तर ते चित्रण कुणाला दिसलं नसतं. तिनं टिपण खणात ठेवलं. पंधराचे सत्तावीस दिवस झाले. चित्रण आलं, आणि त्यात यादगिरीला आणल्यापासून तीन तास वीस मिनिटं कॅमेरा बंद होता, बरोबर तो आत होता तेवढाच वेळ. बासष्टपैकी चव्वेचाळीस प्रकरणांत हेच. तक्ता क्रमांक चार, अहवालाचा कणा. त्या संध्याकाळी तिनं हाताखालच्या पुष्करला ऑफिसात सगळ्यांसाठी उस्मानिया बिस्किटं आणायला सांगितली होती. मुदत उलटून तीन दिवस झाले होते. हे तिला बिस्किट खाताना आठवलं, आणि तिनं ते चहात जरा जास्त वेळ धरलं, इतकंच.

त्यालाही आता तेरा महिने झाले. विलंब माफ करायचा अधिकार मंडळाला होता, एकाच अटीवर: विलंब मंडळाच्याच चुकीनं झाला असं त्या जबाबदार अधिकाऱ्यानं लेखी द्यायचं. म्हणजे तिनं. आणि तिनं लिहून दिलं की अभ्यासासाठी एका जिवंत माणसाची तक्रार दाबली गेली, तर दुसऱ्याच दिवशी पोलिसांचा वकील कोर्टात म्हणणार, की हा अभ्यासच दूषित आहे. बासष्ट प्रकरणं, एकेचाळीस ठाणी, कॅमेऱ्याची कळ ठाण्याबाहेर ठेवण्याची शिफारस, सगळं त्या एका कागदाखाली गाडलं जाईल. ती हा हिशेब रोज करायची. एका बाजूला दोन बोटं, दुसऱ्या बाजूला पुढे न मोडणारी कितीतरी. उत्तर नेहमी तिच्या सोयीचं यायचं, आणि प्रयोगशाळेतल्या सवयीनं तिला ठाऊक होतं, की ज्या प्रयोगाचं उत्तर दर वेळी करणाऱ्याच्या सोयीचं येतं तिथं उपकरण तपासावं.

थांबायला आता वावही राहिला नव्हता. गोपनीयतेसाठी तिनंच दुसरा नियम केला होता: अहवाल मंजूर झाला की क्रमांकांपुढची नावांची यादी आणि मूळ कागद नष्ट करायचे, त्याच दिवशी. मंजुरीची सभा गुरुवारी अकराला होती. त्यानंतर यादगिरी एकतीस होता हे सिद्ध करणारं काहीच उरणार नव्हतं, नरसम्माकडे पावतीसुद्धा नव्हती. सोमवारी पुष्कर लॅपटॉप घेऊन आला होता. पुण्याचा मुलगा, हुशार, तीन वर्षांत दख्खनी शिकला होता आणि ती चुकीच्या जागी वापरायचा. "मॅडम, परिशिष्टात एकतीसच्या पुढे तक्रार क्रमांकाचा रकाना रिकामा दिसतोय. बाकी एकसष्टला आहे. डॅश टाकू का?"

"टाक."

"का नाही त्याला क्रमांक?"

"नोंद झाली नाही."

"बेचारा," असं म्हणून त्यानं डॅश टाकला. एका कळीचा आवाज. मंगळवारी दुपारी ती अंबरपेठेत होती.

घरी आल्यावर नवऱ्यानं, हणमंतरावांनी, टीव्ही बारीक केला. आबिड्समधलं पंपांचं दुकान मुलीच्या नवऱ्याकडे सोपवल्यापासून त्यांना बोलायला माणूस हवं असायचं. तिनं चहा करता करता त्यांना सांगून टाकलं. तेरा महिन्यांत पहिल्यांदा, आणि तेही त्यांच्याकडे पाठ करून. किती सपाट आवाजात सांगितलं हे तिचं तिलाच ऐकू आलं.

"खालच्या शाखेनं विचारायला नको होतं का?" ते म्हणाले.

"त्यांना माहीतच नव्हतं, अहो."

"मग कुणाला माहीत आहे?"

"मला."

"म्हणजे कुणालाच नाही. झालं तर." त्यांनी बशीत चहा ओतला. "तू म्हणजे पण कमालच करती. हजार जणांचं भलं होऊ लागलंय, एकाचं राहिलं. राहतंच. त्याचं दुकान चालू आहे म्हणतीस ना?"

"चालू आहे."

"मग? जाऊन चार ब्लाउज जास्त शीव." ते हसले. वाईट मनानं नव्हे. बायकोच्या डोक्यावरचं ओझं हलकं करायची त्यांची तीच एक रीत होती. पण हजार जणांचं भलं आणि एकाचं राहिलं, हे शब्द तिचेच होते. त्याच क्रमानं तिनं ते वर्षभर स्वतःला ऐकवले होते, आणि तिच्या डोक्यात ते गंभीर, अवघड, जवळजवळ थोर वाटायचे. बशी फुंकणाऱ्या माणसाच्या तोंडून ते आले तेव्हा त्यांची खरी किंमत कळली. पडेल भावात काढलेला माल. तिला नवऱ्याचा राग आला नाही, आणि न येण्यानं ती जास्त घाबरली. तिच्या मनात फक्त हे आलं, की ठाण्यातला तो फौजदारही संध्याकाळी घरी जात असेल, तोही चहा बशीत ओतत असेल, आणि हातून काही वाईट झालं असं त्यालाही वाटत नसेल. त्याच्याकडे नोंदवही होती, हिच्याकडे नियम. त्यानं तीन तास वीस मिनिटं कॅमेरा बंद ठेवला. हिनं किती वेळ बंद ठेवला ते दिवसांत मोजावं लागलं असतं.

बुधवारी ती ऑफिसात लवकर गेली, खण उघडून तीन ओळींचं टिपण वाचलं. त्यात 'कृपया' दोनदा आला होता. तिनं नवं लिहायला घेतलं. 'अनवधानाने' असा पहिला शब्द लिहून थांबली. अनवधान नव्हतं. खोडलं. 'कार्यपद्धतीतील त्रुटीमुळे' असं लिहिलं. हा शब्दप्रयोग तिच्या अहवालात अकरा वेळा होता, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ होता, कुणीतरी जाणूनबुजून केलं पण आपण नाव घेत नाही. तेही खोडलं. मारहाणीला बळाचा वापर म्हणू नका, असं ती मंडळाच्या सचिवांशी तीन बैठका भांडली होती. आता स्वतःबद्दल एक सरळ क्रियापद तिला सापडत नव्हतं. दुपारपर्यंत कागद कोराच होता. संध्याकाळी नरसम्मा आली, सोमवार नसताना. बाकावर बसली नाही, दारातच उभी राहिली.

"कल मीटिंग है बोलके पहारेवाला बोला," ती म्हणाली. "मेरे को आना क्या अम्मा?"

"नै. अंदर नै छोडते."

"ठीक है. मैं बाहर बैठतूं." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "उसको मत बोलना मैं आतूं करके. वो गुस्सा करता. बोलता, गिर गया बोले तो गिर गया, अब तू छोड."

त्रिवेणीनं मान हलवली. म्हातारी जिना उतरून गेली तरी ती तशीच मान हलवत होती, हे तिला समोरच्या कपाटाच्या काचेत दिसलं.

गुरुवारी अकराला सगळे बसले होते. अध्यक्ष हिम्मतराव, निवृत्त न्यायाधीश, मूळचे परभणीकडचे, तिच्या सासऱ्यांच्या ओळखीतले. त्रिवेणीला या जागेवर आणण्यात त्यांचा शब्द होता. सभेचं काम ते इंग्रजीत चालवायचे आणि खूश असले की तिच्याशी मराठीत बोलायचे. आज ते मराठीत बोलत होते. सचिव पूर्वी पोलीस खात्यात वरच्या जागी होते, हैदराबादेत सगळं आयुष्य काढून मराठी उत्तम समजायचे आणि समजत नाही असं दाखवायचे.

"त्रिवेणीबाई, मी रात्री सगळा वाचला," अध्यक्ष म्हणाले. "तक्ता चार तर काय, ओठ शिवून टाकणारा आहे त्यांचे. आणि तो तुमचा नियम, नमुन्यातल्या प्रकरणांना हात न लावण्याचा. तो मी वेगळा काढून बाकीच्या राज्यांना पाठवणार आहे. आदर्श म्हणून."

"व्हेरी क्लीन मेथड," सचिव म्हणाले. त्यांनी अहवालाला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. "हमारे टाइम में ऐसी बाई होती तो हम सब जेल में रहते." टेबलाभोवती हशा झाला. पुष्करही हसला.

त्रिवेणीला त्या हसण्यात आपलाही आवाज येईल की काय अशी भीती वाटली. आला नाही. तिनं टेबलावरच्या कागदांवर तळहात ठेवला, पाचही बोटं पसरून, आणि ती सहज वळतात हे पाहिलं. आदर्श. म्हणजे उद्या दुसऱ्या राज्यात दुसरी कुणीतरी नेमस्त, हुशार बाई हाच नियम वाचील, तिच्या दारातही कुणी जिना चुकून येईल, आणि ती म्हणेल, पावतीची गरज नाही. आतापर्यंत तिला वाटत होतं की एका बाजूला अहवाल आहे आणि दुसऱ्या बाजूला एक माणूस. तो माणूस अहवालाच्या आतच होता. तिची चूक तिच्या शिफारशींच्या रांगेत, क्रमांक घेऊन, सन्मानानं उभी होती, आणि आता तिच्यावर मंजुरीचा शिक्का बसणार होता.

"तर ठराव घ्यायचा?" अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं. "पुष्कर, ती नावांची यादी आणि मूळ कागद तयार ठेवलेत ना? नियमाप्रमाणे आजच्या आज कागद फाडायच्या यंत्रात घालायचे."

"हो सर. पेटी बाहेरच आहे."

"सर," त्रिवेणी म्हणाली.

"बोला की. सुधारणा आहे? छपाईची असेल तर नंतर करू."

"छपाईची नाही."

सचिवांनी मान वर केली. खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला आवाजावरून कळतं. मराठी समजत नसल्याचं त्यांचं सोंग त्या क्षणी गळून पडलं. अध्यक्षांनाही काहीतरी कळलं असावं, कारण ते जरा पुढे झुकले आणि घरच्या सुरात, हळू म्हणाले, "बाई, आधी ठराव होऊ द्या. मग माझ्या खोलीत बसून बोलू. जे असेल ते."

तिला ती खोली दिसली. मऊ खुर्ची, दार लोटलेलं, चहा. तिथं जे बोललं जाईल ते तिथंच राहील, आणि बाहेर यंत्र चालू असेल.

"नाही सर, आत्ताच," ती म्हणाली, नेहमीच्याच आवाजात. "यादी नष्ट करू नका. एकतिसाव्या प्रकरणातला माणूस यादगिरी, अंबरपेठेचा. त्याच्या आईनं एकोणिसाव्या दिवशी अर्ज आणून दिला होता, मुदतीत. तो खाली जाऊ नये म्हणून मी ठेवून घेतला आणि मुदत जाऊ दिली. विसरले नव्हते, मला तारीख माहीत होती. त्याची तक्रार आज नोंदवून घ्या, विलंब माझ्यामुळे झाला हे मी लेखी देते."